'लोकोमोटिव्ह इंजिन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या रेल्वेवरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात 'लोकोमोटिव्ह इंजिन' हा जोडशब्द सारखा येतो. नुसतं 'इंजिन' लिहिलं तर काही बिघडेल का?

प्रतिसाद १ : काही ठिकाणी नक्की बिघडेल. 'लोकोमोटिव्ह' हे मुळात विशेषण. लॅटिन 'लोको' म्हणजे जागेवरून. जागेवरून हलणारं ते लोकोमोटिव्ह. त्या काळी इंजिन म्हटलं की खाणीतलं पाणी उपसणारं, पाया घालून बसवलेलं धूड समोर यायचं. २१ फेब्रुवारी १८०४ ला वेल्समध्ये ट्रेव्हिथिक या इंजिनिअरच्या इंजिनाने १० टन लोखंड आणि सुमारे ७० माणसं रुळांवरून नेली, तेव्हा नवल वाफेचं नव्हतं, इंजिनच सोबत निघालं याचं होतं. बिडाचे रूळ मात्र त्याच्या वजनाने मोडत राहिले.

शिवाय रुळांवरचे डबे जागच्या इंजिनानेही ओढता येत. चढाच्या माथ्यावर इंजिन, त्याला दोर, दोराला डबे. १८२५ च्या स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर 'लोकोमोशन' नावाचं इंजिन धावलं खरं, पण त्याच मार्गावरचे मोठे चढ दोरानेच पार व्हायचे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या संचालकांपुढेही हाच पेच होता: इंजिन धावतं घ्यायचं की जागचं? त्यातूनच ऑक्टोबर १८२९ ची रेनहिलची चाचणी झाली, म्हणजे धावत्या इंजिनांची स्पर्धा. स्टीफन्सन यांच्या 'रॉकेट'ने ती जिंकली. त्याच्या बॉयलरमध्ये तांब्याच्या २५ नळ्या होत्या, त्यामुळे आगीची आच जास्त पाण्याला लागे आणि वाफ भराभर तयार होई. (स्पर्धेत पट्ट्यावर चालणाऱ्या घोड्याच्या जोरावर पुढे सरकणारं एक यंत्रही होतं. ते कशाच्या आशेने उतरवलं होतं, देव जाणे.)

प्रश्नकर्ता : मग 'रेल्वे इंजिन' करतो.

प्रतिसाद १ : अहो, दोर ओढणारं इंजिनही रेल्वेचंच की!

प्रतिसाद २ : 'चालतं इंजिन' चालेल?

प्रतिसाद ३ : आमच्याकडे विहिरीवरचं डिझेल इंजिनही 'चालतं'. गावात 'इंजिन' म्हणजे तेच, गाडीचं नव्हे.

प्रतिसाद १ : 'धावतं इंजिन' बरं. जिथे दोन्ही प्रकार समोरासमोर येतात तिथे 'धावतं' आणि 'जागचं', बाकी सगळीकडे नुसतं 'इंजिन'. मराठीला हा भेद कधी लागलाच नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली तोवर इंग्लंडातला वाद मिटला होता. आपल्याकडे रेल्वेचं इंजिन आलं तेच धावत.

प्रतिसाद २ : आणि 'आगगाडी'?

प्रतिसाद १ : ती अख्खी गाडी, डब्यांसकट. 'रॉकेट नावाची आगगाडी' असं छापलेलं दिसतं, ते चूक. रेल्वेतले लोक इंजिनाला 'लोको' म्हणतात: लोको शेड, लोको पायलट. म्हणजे विशेषणातलंही 'जागेवरून' तेवढं उरलं.

प्रश्नकर्ता : 'धावतं' घेतो. लेखात लंडनमधला यूस्टन ते कॅम्डनचा चढ आहे, तिथे १८४४ पर्यंत गाड्या दोरानेच वर जायच्या. तिथे 'जागचं' लागेलच.