बाबांचं डिप्रेशन फॅमिली डॉक्टरनेच ट्रीट केलं तर चालेल का?

वाईकर_पुण्यात
बाबा ७३ वर्षांचे, झेडपीच्या शाळेतून रिटायर, आई गेल्यापासून वाईला एकटेच असतात. बीपी शुगर दोन्ही आहे पण कंट्रोलमध्ये. दिवाळीपासून आधी पोट, मग मान, मग छातीत धडधड, इसीजी टूडी इको एन्डोस्कोपी सगळं झालं आणि सगळं नॉर्मल. आता पेपर उघडत नाहीत, कट्ट्यावर जात नाहीत, पहाटे तीनला उठून बसतात, विचारलं तर म्हणतात मला काय धाड भरलीय. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एक नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला आणि म्हणाले डिप्रेशन आहे, मीच गोळी सुरू करतो. बाबा सायकियाट्रिस्टचं नाव काढलं की भडकतात. ताईचं म्हणणं साध्या डॉक्टरने असल्या गोळ्या द्यायच्याच नाहीत, पुण्याला घेऊन ये. काय करू?

नाना_जोग
एवढं काय त्यात, या वयात आणि बायको गेल्यावर माणूस उदास होणारच. हरिपाठ लावा, नातवंडांना पाठवा सुट्टीत. गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत.

तालुक्याचा_डॉक्टर
नाना, नातवंडं जरूर पाठवा आणि हरिपाठ पण चालू दे, पण दुःख वेगळं आणि महिनोन्‌महिने झोप भूक रस सगळंच उडणं वेगळं, वयाचा भाग म्हणून ते सोडून द्यायचं नसतं. या गोळ्यांची नशा लागत नाही, फक्त बंद करताना हळूहळू कमी कराव्या लागतात.

वाईकर, मी जनरल प्रॅक्टिसवाला आहे. म्हातारी माणसं "मन लागत नाही" म्हणत येत नाहीत, गॅस, चक्कर, अंगदुखी घेऊन येतात, आणि ती आमच्याकडेच येतात. तुमच्या डॉक्टरांनी एन्डोस्कोपीनंतर आणखी एक स्कॅन न लिहिता फॉर्म भरून घेतला यातच अर्धं काम झालं. गोळी सुरू करायच्या आधी थायरॉइड आणि बी-१२ बघून घ्या, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ नक्कीच. डोस कमीपासून. या वयात फरक दिसायला ६-८ आठवडे, कधी जास्तही लागतात, बरेच जण तिसऱ्या आठवड्यात "काही होत नाही" म्हणून सोडून देतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची.

पण जेवणपाणी सोडलं, मरणाची भाषा आली, कोणीतरी मागावर आहे असले भास झाले, तर वाट बघू नका, त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट. दोन महिन्यांत फॉर्मचा आकडा हलला नाही तरीही तिकडेच. आणि रात्री-अपरात्री विचारायला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सून_नंबर_दोन
सोडियम!!! कोणी बोललं नाही अजून. आमच्या सासूबाईंना अशीच गोळी सुरू झाली आणि दुसऱ्या आठवड्यात त्या बरळायला लागल्या, तोल जायला लागला, आम्हाला वाटलं अर्धांग, निघालं रक्तातलं सोडियम कमी. बीपीची पाण्याची गोळी (लघवी जास्त करवणारी) आणि ही डिप्रेशनची गोळी दोन्ही मिळून झालं म्हणे. गोळी बदलली, आता मस्त आहेत, लोणची घालतात आणि माझ्या चुका काढतात.

पेडणेकर
आमच्या गोव्यात यावर बरंच काम झालंय म्हणून लिहितो. संगथ संस्थेने साठीच्या पुढच्या १८१ लोकांबरोबर अभ्यास केला, २०१९ मध्ये छापून आला, म्हणजे ज्यांना अजून पूर्ण डिप्रेशन नाही पण लक्षणं आहेत असे लोक. सायकियाट्रिस्ट नाही, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं त्यांच्याशी बोलायची, एक अडचण घेऊन ती कशी सोडवायची, झोपेचं काय, शुगरची काळजी, सरकारी योजनेचं काय. वर्षभरात त्यांच्यातल्या चारेक टक्क्यांना डिप्रेशन झालं, नेहमीच्या उपचारवाल्यांत १४ टक्क्यांना. अमेरिकेत २००२ ला १,८०१ जणांवर इम्पॅक्ट म्हणून मोठा अभ्यास झाला त्यातही तेच, गोळी नेहमीचाच डॉक्टर लिहायचा पण दवाखान्यातली एक नर्स किंवा सायकॉलॉजिस्ट पेशंटच्या मागे असायची, फोन करायची, फॉर्म पुन्हा भरून घ्यायची, अडलं तर सायकियाट्रिस्टला विचारायची. निम्म्याने लक्षणं कमी झालेले तिथे ४५ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारात १९. त्यामुळे माझं मत, डॉक्टर साधा की मोठा यावर ताईशी भांडू नका, गोळी लिहून दिल्यावर मागे कोण लागणार ते ठरवा. आपल्याकडे तसली नर्स नसते, ते घरच्यालाच करावं लागतं.

वाईकर_पुण्यात
सगळ्यांचे आभार. आत्ता बाबांना फोन करून स्ट्रिपा वाचायला लावल्या. बीपीच्या गोळीवर हायड्रोक्लोरोथायाझाइड लिहिलंय, हीच का ती पाण्याची? आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम घेतायत, मेडिकलवाल्याने आपणहून दिलेली, कधीपासून ते सांगत नाहीत. डॉक्टरांना याचा पत्ताच नसणार.

तालुक्याचा_डॉक्टर
हो, तीच. हा मेसेज जसाच्या तसा डॉक्टरांना पाठवा. सोडियम आत्ता एकदा आणि गोळी सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांत पुन्हा, बीपीची गोळी बदलायची का ते ते बघतील. अल्प्राझोलाम या वयात वाईट, रात्री बाथरूमला उठताना पडतात आणि खुबा मोडतो, पण एकदम बंद करू नका, टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. ॲस्पिरिन चालू असेल तर तेही सांगा, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

वाईकर_पुण्यात
ॲस्पिरिन नाही. ताई रविवारी जातेय वाईला, रक्त तीच करून आणेल, आणि दर आठवड्याचा फोन माझ्याकडे. बाबांना सांगितलंय बी-१२ बघायचंय, त्याला हो म्हणाले.

सून_नंबर_दोन
मेडिकलवाल्यालाही एक फोन करा हो.