लॅपटॉप विकत घ्यावा की क्लाउडवर मशीन भाड्याने घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या लॅपटॉपला सात वर्षं झाली. रॅम ८ जीबी, तीही बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. काम मुख्यतः बॅकएंडचं: जावाच्या चार-पाच सर्व्हिसेस, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस, शिवाय अधूनमधून एक अँड्रॉइड ॲप. आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), डॉकर आणि ब्राउझर एकत्र उघडले की मशीन स्वॅपमध्ये जातं (रॅम कमी पडून डिस्क वापरू लागतं) आणि टाइप केलेलं अक्षर दिसायला सेकंदभर वाट बघावी लागते. परवा ग्रेडलचा (कोडपासून ॲप तयार करणारं साधन) बिल्ड अर्ध्यातच मेला. लॉग बघितला तर मेमरी संपली म्हणून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ग्रेडलचा डीमनच (मागे चालणारा प्रोग्रॅम) मारून टाकलेला. डोक्यात कोड तयार असतो आणि मशीन साथ देत नाही, जीव अगदी रडकुंडीला येतो.

३२ जीबीचा नवा लॅपटॉप घेण्याइतके पैसे आहेत, पण ती अडीअडचणीसाठी ठेवलेली शिल्लक आहे. मी फ्रीलान्स काम करतो, एखादा महिना भरगच्च जातो तर एखादा पूर्ण रिकामा. त्यामुळे भाड्याचं मशीन पटतंय. महिन्याचे साधारण ७३० तास धरले तर माझे रोजचे ८ तास आणि २२ दिवस मिळून १७६ तास होतात, म्हणजे चौथा हिस्साही नाही. उरलेल्या वेळेचे पैसे का भरायचे?

म्हणून एका कंपनीकडून ४ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) आणि १६ जीबीचं मशीन महिनाभर घेऊन बघितलं. दोन गोष्टींनी गोंधळलो. सकाळी तीन मिनिटांत होणारा बिल्ड दुपारी त्याच कोडवर अकरा मिनिटं घ्यायचा. आणि शेवटचे दहा दिवस मशीन बंद ठेवलं होतं, तरी त्या दिवसांचेही पैसे लागले. माझं काय चुकलं? अँड्रॉइड एम्युलेटर (मशीनवर चालणारा आभासी फोन) तर सुरूच झाला नाही, केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) नाही म्हणाला. जे रोज असं काम करतात त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
बिल्डचं आधी. तुम्हाला बर्स्टेबल मशीन मिळालेलं दिसतंय. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचा क्लाउड) टी३.लार्ज मशीनचं उदाहरण घ्या. कागदावर २ व्हीसीपीयू आणि ८ जीबी, पण सतत वापरायला हक्काचा वाटा प्रत्येक व्हीसीपीयूच्या ३० टक्केच. मशीन निवांत असताना क्रेडिट (पूर्ण वेगाने चालायची शिल्लक) साठतात आणि बिल्ड लावला की खर्च होतात. संपले की एक तर वेग खाली येतो, नाहीतर अनलिमिटेड मोड असेल तर जादा वापराचे पैसे लागतात. सकाळी क्रेडिट भरलेले, दुपारी संपलेले, म्हणून हा फरक. दिवसभर बिल्ड करणाऱ्याने हे मशीन घेऊच नये, कायम पूर्ण वेग देणारा प्रकार घ्यावा. आणि ४ व्हीसीपीयू म्हणजे ४ कोअर समजू नका. इंटेलच्या मशीनवर बहुतेक वेळा एक व्हीसीपीयू म्हणजे एक थ्रेड, म्हणजे कोअर दोनच.

आता बिल. मशीन स्टॉप केलं की सीपीयू-रॅमचं भाडं थांबतं, डिस्कचं नाही. डेटा तिथे पडून आहे ना! एडब्ल्यूएस तर फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचेही (इंटरनेटवरचा मशीनचा पत्ता) पैसे लावतं, त्यामुळे राखून ठेवलेला पत्ता मशीन बंद असतानाही मीटरवर असतो. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडमध्ये आणखी एक खाचखळगा आहे: आतून शटडाउन केलं तर मशीन बंद दिसतं, पण भाडं चालूच राहतं. पोर्टलवरून स्टॉप करून स्टेटस 'डीॲलोकेटेड' दिसेपर्यंत उठू नका. बजेट अलर्ट लावा, पण तो फक्त ईमेल पाठवतो, मशीन बंद करत नाही.

प्रतिसाद:
मी दोन वर्षं असंच काम करतोय, तुमच्यापेक्षाही जुन्या लॅपटॉपवरून. रिमोट डेस्कटॉपच्या नादी लागू नका. व्हीएस कोड या एडिटरचं रिमोट-एसएसएच (भाड्याच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) वापरा. खिडकी तुमच्याकडे उघडते. फाइल्स, टर्मिनल आणि लँग्वेज सर्व्हर (कोड सुचवणारा, चुका दाखवणारा प्रोग्रॅम) तिकडे चालतात, त्यामुळे टाइप करताना अडखळत नाही. रीजन (मशीन जिथे आहे तो भाग) मात्र जवळचाच निवडा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद कमीत कमी लागणारच. टर्मिनलचं काम टीमक्समध्ये ठेवा, नेट गेलं तरी बिल्ड चालू राहतो.

एम्युलेटरचा हट्ट सोडा. क्लाउडचं मशीन स्वतःच व्हर्च्युअल असतं, त्यात पुन्हा केव्हीएम हवं तर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन लागतं. गूगल कॉम्प्यूट इंजिनमध्ये ते काही मशीनवर मुद्दाम चालू करावं लागतं. त्यापेक्षा तुमचा फोन लॅपटॉपला लावा आणि एडीबीचा (अँड्रॉइड फोनशी बोलणारं साधन) ५०३७ पोर्ट एसएसएचच्या उलट्या टनेलने (त्याच जोडणीतून उलट दिशेने) तिकडे न्या. दोन्हीकडे एडीबीची आवृत्ती एकच ठेवा. बिल्ड तिकडे होतो, ॲप तुमच्या हातातल्या फोनवर उघडतं.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. टनेल काल रात्री जमला! ॲप फोनवर उघडलं तेव्हा लॅपटॉपचा पंखासुद्धा फिरत नव्हता. मशीनचा प्रकार बदलला आणि रात्री नऊला ते आपोआप स्टॉप होईल असं शेड्यूल लावलं. दोन महिने असं चालवून एकूण बिल लिहून ठेवणार आहे, लॅपटॉपचं त्यानंतर बघू.

एक विचारायचं राहिलं. एका क्लायंटच्या करारात 'सोर्स कोड त्रयस्थाच्या यंत्रणेवर ठेवू नये' असं कलम आहे. भाड्याचं मशीन त्यात येतं का?

प्रतिसाद:
येतं असंच धरून चाला. क्लायंटला ईमेल करा, कोणती कंपनी, कोणता रीजन, डिस्क एन्क्रिप्टेड आहे की नाही, सगळं लिहा आणि लेखी होकार मागा. तो येईपर्यंत त्यांचा कोड जुन्या लॅपटॉपवरच राहू द्या.