आवाज आणि मेसेज एकाच प्रोटोकॉलवर नको
चॅट अ‍ॅपमध्ये कॉलची सोय करताना मेसेजसोबत आवाज पण वेबसॉकेटवरूनच (अ‍ॅप आणि सर्व्हरमधला सतत उघडा राहणारा दुवा) पाठवू असा विचार असेल, तर तेवढं मात्र करू नका. वेबसॉकेट टीसीपीवर चालतं, म्हणजे डेटाचे तुकडे (पॅकेट) क्रमाने आणि न गळता पोचवणाऱ्या पद्धतीवर, त्यात एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. मेसेजला हेच हवं असतं, एक अक्षरही गळता कामा नये, पण आवाजाचं पॅकेट असतं साधारण २० मिलिसेकंदांचं, ते उशिरा येऊन काय उपयोग, त्यापेक्षा गेलेलं बरं, ओपस कोडेक (आवाज दाबून लहान करणारी आणि परत उलगडणारी पद्धत) एवढी फट बरीचशी बुजवतो. मी टीसीपीवरून कॉल करून पाहिलाय, वायफाय जरा डळमळलं की समोरचा गप्प आणि मग साचलेलं बोलणं एकदम, दोघंही एकमेकांच्या बोलण्यावर बोलतायत. ब्राउझर असेल तर सरळ वेबआरटीसी (ब्राउझरमधलीच थेट कॉलची सोय) घ्या, एन्क्रिप्शन त्यात सक्तीचंच आहे. सिग्नलिंग, म्हणजे कॉल जुळवण्याआधीची देवाणघेवाण, मात्र आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं, तिथे तुमचं वेबसॉकेट खुशाल वापरा. टेलिफोन नेटवर्कला जोडायचं असेल तर सिप (फोन कॉल जुळवण्याचा प्रोटोकॉल) लागेलच, नाहीतर त्या वाटेला जाऊ नका. आणि टर्न सर्व्हर (थेट जोडणी होत नसेल तेव्हा मधे राहून आवाज पुढे पोचवणारा) पहिल्या दिवसापासून धरा हो, नाहीतर कडक फायरवॉलमागे रिंग वाजते, कॉल उचलला जातो, आवाज मात्र येत नाही, आणि आपण कोडमध्ये चूक शोधत बसतो.