निवासी शाळा हा एकच उपाय नाही
तालुक्याला एक चांगली निवासी विशेष शाळा काढली की दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न मिटेल, असं मत कुणीतरी मांडलंय, ते मला अर्धंच पटलं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या सहा वर्षांच्या पोराला आईपासून तोडून लांब का ठेवायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. जवळची शाळा नाकारता येत नाही, हे पालकांना कुणीतरी सांगायला हवं.

गुहागरकडच्या आमच्या वाडीतल्या अशाच एका पोराची खरी अडचण घर ते शाळा एवढीच होती. जांभ्याच्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, चाकाची खुर्ची उतरत नाही आणि पावसाळ्यात शेवाळ धरतं. गणपतीत मुंबईकर मंडळी आली तेव्हा वाडीच्या बैठकीत विषय काढला, वर्गणीतून शाळेच्या दाराशी उतार झाला. आणि सुतारकाकांनी थेरपिस्टबाईंच्या मापाने फणसाच्या लाकडाची खुर्ची केली: पाठीला काटकोनात दोन फळ्या, मांड्यांमध्ये ठोकळा, पाय टेकायला पाट, पुढ्यात फळी. मान सावरली, हात मोकळे झाले, पोर पाटीवर रेघोट्या मारू लागलं. मात्र मूल वाढतं तशी मापं बदलावी लागतात, हे विसरू नका. थेरपीच्या खर्चासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना बघा, वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो.