डायलिसिस योजनेतून मोफत आहे तरी महिन्याला सहा-सात हजार खिशातून जातायत, कुठे कमी करता येईल?

माढ्याचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. वडिलांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, वय ५४, दिवाळीपासून सोलापूरला एका खाजगी हॉस्पिटलात डायलिसिस चालू आहे. केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत बसलेत त्यामुळे डायलिसिसचे पैसे लागत नाहीत, ते खरंच लय मोठं काम झालं. पण बाकीचंच झेपेना. गावातून कुर्डुवाडीपर्यंत टमटम, तिथून एसटी नायतर रेल्वे, सोलापुरात परत रिक्षा, असं दोघांचं जाऊन-येऊन कारण आई सोबत लागतेच, डायलिसिसनंतर त्यांना चक्कर येते. रक्त वाढायचं इंजेक्शन बाहेरच्या मेडिकलमधून आणायला सांगतात, बीपीच्या गोळ्या वेगळ्या, रक्त तपासणी वेगळी. आणि आई जाते त्या दिवशी तिची खुरपणीची मजुरी बुडते ती कुणी मोजतच नाही. दोन शेळ्या विकल्या, बचत गटाचं कर्ज काढलं, मी चाकणला कंत्राटी कामावर आहे, माझ्या पगारातून जेवढं जमतं तेवढं पाठवतो. डॉक्टर म्हणतात आठवड्यातून तीनदा पाहिजे, आम्ही दोनदाच नेतो, आणि आता वडील म्हणायला लागलेत की एकदाच करू, तुमचा पैसा वाचंल. कुणी यातून गेलं असेल तर सांगा काय करायचं.

डायलिसिस_टेक:
दादा आधी ते आठवड्यातून एकदाच करायचं वडिलांच्या डोक्यातून काढा. मी डायलिसिस युनिटला काम करतो, हे रोज बघतो. लघवी होत नसेल तर प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, मग ते फुफ्फुसात जातं, रात्री झोपता येत नाही, दम लागतो आणि माणूस थेट आयसीयूत येतो. तिथला खर्च वर्षभराच्या गाडीभाड्यापेक्षा जास्त होतो, जिवाचा धोका वेगळाच. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून शहाळं, केळी हे कुणी प्रेमाने आणून दिलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मीठ कमी केलं की तहान कमी लागते, लोणचं पापड बंद करा. आणि मानेत अजून कॅथेटर म्हणजे डायलिसिसची नळी असेल तर हातात फिस्टुला (छोटं ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या, तिथूनच डायलिसिस होतं) करून घ्या, तो वापरायला तयार व्हायला साधारण दीड महिना जातो. कॅथेटरला इन्फेक्शन झालं की थंडी वाजून ताप, ॲडमिट, महागडी अँटिबायोटिक, नको तो खर्च सगळा तिथून चालू होतो.

सुनंदाताई_लातूर:
माझ्या मिस्टरांचं तीन वर्षं झालं चालू आहे म्हणून सांगते. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला साध्या गाडीत तिकीट माफ आहे, हॉस्पिटलचं सर्टिफिकेट घेऊन डेपोत चौकशी कर. तुझ्या आईला तसंही अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना आहे. रेल्वेत डायलिसिसला जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट मिळते, पण रेल्वेचा ठरलेला फॉर्म असतो त्यावर डॉक्टरची सही शिक्का लागतो, साध्या चिठ्ठीवर काउंटरवाला देत नाही. आम्हाला हे पहिलं वर्षभर कुणीच सांगितलं नव्हतं, हॉस्पिटलातल्या शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोने सांगितलं. आणि आमच्या जिल्हा परिषदेत दुर्धर आजाराला १५,००० एकदा मिळाले होते, तुझ्या झेडपीत आरोग्य विभागात विचार, अर्ज बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रातून जातो. रक्कम फार नाही पण बचत गटाचे दोन-तीन हप्ते निघतात बाळा.

पूर्वी_आरोग्यमित्र:
मी योजनेत आरोग्यमित्र म्हणून, म्हणजे योजनेच्या पेशंटना मदत करायला हॉस्पिटलात बसणारा माणूस म्हणून काम केलंय. इंजेक्शनचं आणि तपासणीचं नीट बघा. पॅकेजमध्ये, म्हणजे योजनेने त्या उपचारासाठी ठरवून दिलेल्या यादीत, जे येतं त्याचे पैसे पेशंटकडून घेता येत नाहीत, बाहेरून आणायला पण लावता येत नाही. त्यामुळे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला सरळ विचारा की यांच्या पॅकेजमध्ये काय काय आहे आणि शक्यतो लिहून घ्या. मेडिकलची प्रत्येक पावती पेशंटच्या नावाने घ्या आणि ठेवा, पावती नसेल तर तक्रारीला जोरच राहत नाही. तक्रार १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर करायची. लोक घाबरतात की तक्रार केली तर डायलिसिस बंद करतील, ती भीती मी समजू शकतो, म्हणून आधी शांतपणे आरोग्यमित्राकडे जा, मग जिल्हा समन्वयकाकडे, तिथे नाही झालं तर फोन.
दुसरं म्हणजे जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिस युनिट आहे का बघा, केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ ला आला तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी युनिट झालीत. आरोग्य विभागाच्या दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळे उपचार मोफत आहेत, मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं मात्र त्यात येत नाहीत. वेटिंग असतं, तरी नाव आजच लावून ठेवा. ८० किलोमीटरचं ३० झालं तर आईचा निम्मा दिवस तरी वाचेल.

रानवाटा:
सरकारी आकडा असा आहे की देशातल्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९.४ टक्के झाला. कमी झालाय हे चांगलंच आहे. पण या पोराच्या आईची बुडालेली मजुरी त्या हिशोबात कुठंच येत नाही, विकलेल्या शेळ्या तर दूरच. हॉस्पिटलचं बिल योजनेतून गेलं तरी घर हळूहळू रिकामं होत राहतं. योजना करणाऱ्यांनी किमान डायलिसिससारख्या आयुष्यभराच्या उपचारात गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी धरायलाच पाहिजे असं मला फार वाटतं.

माढ्याचा_पोरगा:
सगळ्यांचे मनापासून आभार. रेल्वेच्या फॉर्मचं आणि एसटीचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. आज आईला फोन करून पावत्या जपून ठेवायला सांगितलं, तर ती म्हणाली मेडिकलवाला पावती देतच नाही. आणि एक विचारायचं होतं, आई म्हणते मी किडनी देते, तिचं वय ४९ आहे, ऑपरेशन योजनेत होतं का?

पूर्वी_आरोग्यमित्र:
पावती मागितली की द्यावीच लागते, देत नसेल तर दुसऱ्या मेडिकलमधून घ्या, औषध तिथूनच घ्या अशी सक्ती हॉस्पिटलला करता येत नाही. ऑपरेशन योजनेत होतं, किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या निर्णयात अडीच लाखांवरून साडेचार लाख केलीय. आईचा रक्तगट, शुगर, बीपी आधी तपासून घ्या.

डायलिसिस_टेक:
आणि एक हिशोब आधीच करा, प्रत्यारोपणानंतर शरीराने किडनी नाकारू नये म्हणून गोळ्या रोज, जन्मभर घ्याव्या लागतात. खंड पडला तर आईने दिलेली किडनी जाते. योजनेत डिस्चार्जनंतर दहा दिवसांचीच औषधं धरलेली असतात, म्हणून पुढच्या गोळ्या सरकारी हॉस्पिटलातून मिळतील का, कुठल्या ट्रस्टची मदत होईल का, हे ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून विचारा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, १,८०,००० च्या आत वार्षिक उत्पन्न असेल तर निर्धन गटात मोफत आणि ३,६०,००० पर्यंत सवलतीत, दहा-दहा टक्के खाटा त्यासाठी राखीव असतात.

सुनंदाताई_लातूर:
दाखल्याला सेतूत वेळ लागतो, उद्याच अर्ज टाक. रेल्वेच्या फॉर्मचा फोटो माझ्याकडे आहे, इथे टाकते, प्रिंट काढून पुढच्या डायलिसिसला आईसोबत पाठव.