पॅरलल कोऑर्डिनेट प्लॉटमध्ये सगळ्या जीन्सचा एकच काळा पट्टा येतोय

हरभरा_औंध
हरभऱ्याच्या मुळांचा आरएनए-सीक (कुठला जीन किती सक्रिय आहे ते मोजणारा) डेटा आहे, तो पॅरलल कोऑर्डिनेट प्लॉटमध्ये (प्रत्येक कॉलमचा एक उभा अक्ष, प्रत्येक जीनची एक रेघ) दाखवायचाय. पाणी तोडलेली रोपं आणि नियमित पाणी दिलेली रोपं, 0, 6, 12 आणि 24 तास, प्रत्येकी 3 रेप्लिकेट (त्याच स्थितीचे वेगवेगळे नमुने). म्हणजे 24 कॉलम, सुमारे 28 हजार जीन्स. आरमध्ये जीजीअ‍ॅली पॅकेजच्या जीजीपारकूर्ड फंक्शनला काउंट्सचं (प्रत्येक जीनचे किती रीड्स, म्हणजे वाचलेले आरएनए तुकडे, मिळाले) टेबल दिलं, स्केल डिफॉल्टच, म्हणजे 'एसटीडी' (सरासरी वजा करून एसडीने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागणं). खाली जाड काळा पट्टा आणि पाच-पन्नास रेघा आभाळात. स्केल केल्यावर प्रत्येक जीन शून्याभोवती यायला हवा होता ना? पुण्यातच पोस्टर लावायचंय, आणि पीडीएफ उघडताना लॅपटॉप गुदमरतो ते वेगळंच.

पाषाण_आकडेमोड
'एसटीडी' कॉलमवर चालतं, रो वर (आडव्या ओळीवर) नाही. तुमच्याकडे कॉलम म्हणजे सॅम्पल, त्यामुळे जीन नव्हे, सॅम्पल शून्यावर आलं. त्यात कच्चे काउंट्स; चार-दोन जीन्सचे लाखभर रीड्स बाकीच्यांना तळाशी दाबतात.

आधी गाळा: किमान 3 सॅम्पल्समध्ये 10 किंवा जास्त काउंट नसेल तो जीन बाद. मग डीईसेक2 पॅकेजमध्ये व्हीएसटी (काउंट्स लॉग2सारख्या पट्टीवर आणणं), 'ब्लाइंड' फॉल्स ठेवून. मग मॅट्रिक्स आडवं-उभं फिरवा (टी), स्केल लावा, पुन्हा टी. आता झेड-स्कोअर (सरासरीपासून किती एसडी दूर) जीननिहाय झाला. जीजीपारकूर्डला देताना स्केल 'ग्लोबलमिनमॅक्स' करा, म्हणजे ते स्वतःहून पुन्हा काही स्केल करणार नाही. हे विसरलात तर केलेलं पाण्यात.

ज्या जीनची किंमत सगळीकडे तीच, त्याचा एसडी 0, भागाकारातून एनएएन येतो. जीजीपारकूर्ड अशा रो न विचारता गाळतं. गाळणीनंतर असे फारसे उरत नाहीत, तरी प्लॉटआधी रो मोजा.

झेड-स्कोअरच्या आधी एक प्लॉट मात्र जरूर काढा: फक्त व्हीएसटी, एका वेळचे 6 कॉलम, तीन पाण्याचे आणि तीन कोरडे शेजारी-शेजारी. रेप्लिकेटमध्ये रेघा जवळपास आडव्या हव्यात, उडी फक्त तिसऱ्या आणि चौथ्या अक्षाच्या मधे. गठ्ठ्याने रेघा दुसऱ्या अक्षावरच खाली वाकल्या तर त्या सॅम्पलमध्ये गडबड आहे किंवा लेबलं बदललीत. सरासरी काढून बसलात की हे कधीच दिसत नाही.

रेघोट्या
पिव्हट-लाँगर करून (रुंद टेबल लांब करून) जीजीप्लॉटने काढणार असाल तर दोन खड्डे. एस्थेटिक्समध्ये 'ग्रुप' म्हणून जीन दिला नाही तर करवतीच्या दात्यांसारखी एकच रेघ येते. आणि तास अक्षरं म्हणून गेले तर क्रम 0, 12, 24, 6 असा लागतो. फॅक्टरचे लेव्हल्स हाताने द्या. शिवाय 12 ते 24 चं अंतर 6 ते 12 च्या दुप्पट आहे. समान अंतरावर अक्ष ठेवले की उतार फसवा दिसतो. एक्स अक्षावर तास आकड्यातच ठेवा.

हरभरा_औंध
पट्टा सुटला, धन्यवाद. आता झेड-स्कोअरवर के-मीन्स (सारखे जीन्स एकत्र करून गट पाडणारी पद्धत) लावून 6 गट केले. सगळेच सुंदर दिसतात, म्हणून शंका येते.

पाषाण_आकडेमोड
रास्त शंका. के-मीन्स कुठल्याही कचऱ्याचे 6 गट करून देतं. प्रत्येक जीनच्या किमती आपापसात पिसून तेच चालवा. तितकेच सुबक गट आले तर तुमच्या गटांना अर्थ नाही. सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) ठरवा, 'एनस्टार्ट' (किती वेगळ्या सुरुवाती करून बघायच्या) 25 तरी ठेवा.

झेड-स्कोअर उडीची उंची पुसतो. लॉग2 वर 0.1 हललेला आणि 5 हललेला जीन एकसारखेच दिसतात. दोनच कॉलम असतील तर प्रत्येक जीन 0.707 आणि उणे 0.707 वरच येतो, डेटा काहीही असो!

तुमच्या प्रयोगाला मी झेड-स्कोअर लावणारच नाही. प्रत्येक वेळी कोरड्याच्या व्हीएसटी सरासरीतून पाण्याची वजा करा. लॉग2 पट्टीवरचे चारच अक्ष उरतात. रोपांची दिवस-रात्रीची लय दोन्हीकडे सारखीच असते, ती बरीचशी वजाबाकीत जाते. 0 तासाला बहुतेक रेघा शून्याजवळ हव्यात. नसतील तर रोपं सुरुवातीपासूनच वेगळी होती. जीन्स निवडायला एलआरटी (मोठ्या आणि छोट्या मॉडेलची तुलना करणारी चाचणी): पूर्ण मॉडेलमध्ये उपचार, वेळ आणि त्यांचं इंटरॅक्शन (उपचाराचा परिणाम वेळेनुसार बदलणं), छोट्या मॉडेलमध्ये इंटरॅक्शन नाही. समायोजित पी (अनेक चाचण्यांसाठी दुरुस्त केलेली पी-किंमत) 0.01 च्या खाली आणि कुठेतरी फरक किमान 1, तेवढेच ठेवा.

रेघोट्या
पीडीएफ जड होते कारण प्रत्येक रेघ वेगळी साठवली जाते. जीजीरास्टर पॅकेजने फक्त रेघांचा थर 300 डीपीआयला रास्टर (ठिपक्यांचं चित्र) करा. अक्षर आणि अक्ष व्हेक्टरच राहतात. अल्फा (रेघेचा गडदपणा) 0.05 पासून सुरू करा, गट फॅसेटमध्ये (वेगळ्या चौकटींत) वेगळे काढा, प्रत्येकावर मीडियनची एक जाड रेघ. गट लहान असेल तर अल्फा वाढवा, नाहीतर छापल्यावर रेघा पुसटून जातात. आणि पोस्टरवर प्रत्येक फॅसेटमध्ये जीन्सची संख्या लिहा, पहिला प्रश्न तोच येतो.