मदत हवी आहे: भूगोलात एमए, पुढे नगररचना की वस्तीतलं काम?

राम राम मंडळी. मी धुळ्याचा, भूगोलात एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे एम.प्लॅन (नगररचनेतली पदव्युत्तर पदवी) करायचंय. दिल्ली-भोपाळच्या एसपीएला (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भूगोलवाल्यांचा निभाव लागतो का? गेट ही प्रवेश परीक्षा द्यायची तर आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर घ्यावा की भूगोलाच्या अंगाने जिओमॅटिक्सचा (सर्वेक्षण-नकाशाशास्त्राचा)? घरचे म्हणतात, एमपीएससी कर. ते राहू द्या.

खरा पेच वेगळाच आहे. १८१९ नंतर ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने धुळ्यात आखलेल्या सरळ गल्ल्यांचं आपल्याकडे भारी कौतुक, पण मला इथल्या पांझरा नदीकाठच्या वस्त्यांचं काम करायचंय. शहराच्या प्रारूप (कच्च्या) विकास आराखड्यावर एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा), १९६६ च्या कलम २६ नुसार कुणालाही हरकत घेता येते. पण नकाशातले रंग आणि आरक्षणं (कुठली जागा कशासाठी राखीव) वाचणार कोण? आमच्याकडच्या आजीबाई अहिराणीत नेमकं सांगतात पाणी कुठवर चढतं ते, फक्त ते कागदावर येत नाही. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. २०११ च्या जनगणनेत धुळे त्यापुढे गेलंय, जळगावही; म्हणजे असं म्हणणं मांडायला तीही जागा हवी.

तर जळगाव, मालेगाव, नाशिक, कुठेही वस्तीच्या हरकती लिहून सुनावणीला उभं राहिलेलं कुणी आहे का? आधी एखाद्या संस्थेत वर्षभर काम करावं की थेट प्रवेश घ्यावा? आणि एखाद्या जुन्या हरकतीचा नमुना असेल तर नावं खोडून इथे टाकाल का?